निकालानंतरचे घर

सी.ए.च्या परीक्षेचा निकाल लागला की पुढच्या आठ-दहा दिवसांत उपनगरातल्या कोणत्याही दवाखान्यात त्याचे पडसाद उमटतात. आजोबांचा रक्तदाब वाढलेला असतो, आईचे पित्त उसळलेले असते, आजींना झोप लागत नसते. चौकशी केल्यावर हळूच कळते की घरातला नातू किंवा नात पुन्हा राहिली आहे. ज्याची परीक्षा होती तो स्वतः मात्र दवाखान्यात क्वचितच येतो. म्हणून आजचा हा लेख त्याच्यासाठी नसून, वाचकहो, त्याच्याबरोबर त्या घरात राहणाऱ्या आपल्यासाठी आहे.

प्रथम ही परीक्षा नेमकी कशी असते ते समजून घेऊ. भारतीय सनदी लेखापाल संस्था १ जुलै १९४९ रोजी संसदीय कायद्याने स्थापन झाली. फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल अशा तीन पायऱ्या आणि मध्ये आर्टिकलशिप, म्हणजे एखाद्या फर्ममध्ये उमेदवारी. फायनलच्या सध्याच्या योजनेत तीन-तीन विषयांचे दोन गट आहेत. गट उत्तीर्ण व्हायचा तर प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि तीनशेपैकी एकूण १५० हवेत. आता एखाद्याला ५२, ४६ आणि ५० असे गुण मिळाले असे समजा. तिन्ही विषयांत तो चाळिशीच्या वर आहे, पण बेरीज होते १४८. दोन गुणांनी संपूर्ण गट गेला! मे २०२४ मध्ये फायनलचे दोन्ही गट एकदम देणाऱ्या ३५,८१९ परीक्षार्थींपैकी ७,१२२ जण दोन्ही गटांत उत्तीर्ण झाले, म्हणजे पाचांत जेमतेम एक. हुशार, कष्टाळू मुलाने दोनदा-तीनदा ही परीक्षा देणे ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या पिढीच्या कानांना मात्र ‘नापास’ हा शब्द शाळेतलाच ऐकू येतो. वर्ष वाया गेले, वर्गातली मुले पुढे गेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान खाली गेली, असे सारे अर्थ त्याच्याबरोबर येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे एक मोलाची गोष्ट शिकवते. कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, त्या कृतीवरून संपूर्ण माणसाचे मोल ठरवू नये. ‘या गटात दोन गुण कमी पडले’ हे विधान खरे आहे आणि दुरुस्त करता येण्याजोगे आहे. ‘याच्याकडून काही होणार नाही’ हा निवाडा खोटा आहे आणि त्यावर उपायही उरत नाही. नातू स्वतःशी यांतले कोणते वाक्य बोलतो, हे बऱ्याच अंशी घरात कोणते वाक्य बोलले जाते यावर अवलंबून असते.

उमेद बाहेरून कोणाच्या अंगात ओतता येत नाही, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. ती गळून जाणार नाही एवढी व्यवस्था मात्र घर करू शकते. ती कशी करावी, याचा विचार करू.

निकालाच्या दिवशी भाषण नको, सांत्वनही मोजकेच असावे. ‘पुढच्या वेळी नक्की होशील’ हे आश्वासन आपण प्रेमाने देतो, पण त्याच्या मनावर ते आणखी एक ओझे होऊन बसते. ‘चल, जेवून घेऊ’ एवढे पुरते. जेवण रोजच्या वेळी आणि रोजच्यासारखे व्हावे, दूरदर्शन संचही लागावा. घर सुतकात गेले की आपल्यामुळे घर दुःखी आहे, ही अपराधाची भावना त्याच्या अपयशात मिसळते. २०२४ मध्ये मेच्या परीक्षेचा निकाल ११ जुलैला लागला आणि इंटरची पुढची परीक्षा सप्टेंबरात होती. इतक्या थोड्या अवधीत ‘उद्यापासून बस अभ्यासाला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तरीही चार-पाच दिवस त्याला मोकळे सोडावे. हरल्याचे दुःख पुरते करू दिले नाही, तर ते पुस्तकावर बसून राहते.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची गोष्ट सांगतो. नातू सी.ए. होईपर्यंत दर सोमवारी निर्जळी उपवास करायचा असा नेम त्यांनी धरला होता. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र त्या न चुकता घेत. एका सोमवारी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. त्यांना आणले तेव्हा रक्तातील साखर ५२ होती. साखर-पाणी दिल्यावर त्या सावरल्या, पण त्यांना घेऊन आलेल्या नातवाचा चेहरा मला अजून आठवतो. तो म्हणाला, “डॉक्टर, आता मी परीक्षेला बसतो तेव्हा आजीचा उपवासही माझ्याबरोबर बसलेला असतो.” श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, हे तर आहेच. त्याखेरीज, आपल्या प्रकृतीचे ओझे नातवाच्या गुणपत्रिकेवर ठेवू नये. आपण वेळेवर जेवणे, गोळ्या घेणे, फिरायला जाणे हीसुद्धा त्याला केलेली मदतच आहे.

दुसरा मोह उदाहरणे देण्याचा. मालाडच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षाचालकाची कन्या प्रेमा जयकुमार नोव्हेंबर २०१२ च्या सी.ए. परीक्षेत ८०० पैकी ६०७ गुण मिळवून देशात पहिली आली. जानेवारी २०१३ मध्ये ती बातमी सर्वत्र झळकली, आणि ती अभिमानाचीच होती. पण तिसऱ्यांदा राहिलेल्या मुलासमोर ‘बघ, तिच्याकडे काय होते?’ असे म्हणत ती बातमी काढली, की प्रेरणेची काठी होते. त्या बातमीतली दुसरी एक गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते. प्रेमाचा धाकटा भाऊही त्याच परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. एकाच छपराखाली एकाच परीक्षेचे दोघे परीक्षार्थी होते. पुन्हा पुन्हा परीक्षा देणाऱ्याला सर्वांत आधी सोडून जाते ती सोबत. बरोबरचे मित्र पास होऊन नोकरीला लागतात आणि हा खोलीत एकटा उरतो. म्हणून त्याने खोलीत कोंडून घेऊ नये. जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा पालिकेच्या अभ्यासिकेत जावे, आपल्यासारखेच दोघे-तिघे शोधावेत.

मन थोडे स्थिरावल्यावर गुणपत्रिका उघडावी, आणि ती त्याने उघडावी, आपण नव्हे. मागच्या सर्व प्रयत्नांतले विषयवार गुण एका कागदावर ओळीने मांडले की पुष्कळ उलगडा होतो. एखाद्या विषयात ३२, ३८, ४७ अशी चढण दिसते, तिथे वाट बरोबर आहे. दुसऱ्या विषयात ३१, ३३, ३० असे आकडे असतील, तर तिथे तास वाढवून भागणार नाही, पद्धत बदलली पाहिजे. संस्था तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत विहित मुदतीत मागवू देते आणि नमुना उत्तरेही प्रसिद्ध करते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, की माहिती कमी पडली, मांडणी चुकली की वेळ पुरला नाही, हे कळते. एखाद्या विषयात साठ गुण मिळाले असतील, तर पुढील तीन प्रयत्नांपर्यंत त्या विषयातून सूटही मिळू शकते. ‘मी नापास’ या धूसर दुःखाचे ‘अमुक विषयात मांडणी सुधारायची’ अशा ठोस कामात रूपांतर झाले, की उमेद आपोआप थोडी परतते.

इथे आजी-आजोबांना एक खरे काम आहे. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की नवे शिकलेले फार झपाट्याने विसरले जाते आणि ठरावीक अंतराने केलेली उजळणी ते टिकवते. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगात दिसले, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून तो आठवून काढणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. म्हणून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे नातवाला म्हणावे, ‘आज काय वाचलेस ते मला सोप्या मराठीत सांग.’ आपल्याला जीएसटी कळण्याची गरज नाही. ‘म्हणजे काय रे?’ एवढे विचारता आले म्हणजे झाले. जिथे तो अडखळेल, तिथे त्याला स्वतःलाच कळेल की पाया कच्चा आहे. आणि दिवसभरात कोणाशी तरी निकालाखेरीज अभ्यासावर बोलता आले, याचे समाधानही मिळेल.

आता शरीराकडे वळू. दिवसभराच्या अभ्यासाचे स्मृतीत पक्के होणे बऱ्याच प्रमाणात झोपेत घडते. रात्री चार तास झोपून केलेला अभ्यास गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखा आहे. सात तासांची झोप हा अभ्यासाचाच भाग समजावा. चहा-कॉफीतील कॅफीनचा सुमारे निम्मा अंश पाच तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून संध्याकाळनंतर चहाचा आग्रह करू नये. सततचा थकवा, केस गळणे, धाप लागणे, पाळी अनियमित होणे, वारंवार डोके दुखणे हे सारे ‘अभ्यासाच्या ताणा’च्या खाती मांडू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्यावा. साध्या रक्तक्षयाने मुलीचे लक्ष लागत नसते आणि घर तिला आळशी ठरवत असते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

एक कळकळीची विनंती. आपली झोपेची किंवा ‘धडधडीची’ गोळी परीक्षार्थीला कधीही देऊ नका. झोपेच्या अनेक गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी स्मरणशक्ती मंदावते आणि पुढे सवय लागते. धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते.

आता जे बोलायला जड जाते तेही बोलले पाहिजे. निकालानंतर दोन आठवडे उलटले तरी झोप किंवा भूक बिघडलेलीच आहे, आंघोळ-दाढी सुटली आहे, मित्रांचे फोन उचलले जात नाहीत, पूर्वी आवडणारे काहीच आवडत नाही, असे दिसले तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही कानी आले, तर दोन आठवडे थांबू नये. शांतपणे आणि सरळ विचारावे, ‘जीव नकोसा झाला आहे का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?’ विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये. घरातली आपली औषधे कुलपात ठेवावीत. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. परीक्षा पुन्हा देता येते. हे वाक्य घरात मोठ्याने उच्चारलेले असावे.

शेवटचा प्रश्न : किती वेळा? ‘प्रयत्न सोडू नकोस’ एवढेच म्हणत राहणे हा सल्ला अपुरा आहे. किती प्रयत्न करायचे, तोवर खर्च कसा भागवायचा आणि नंतर काय, हे परीक्षार्थीने घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे, निकालाच्या रात्री नव्हे. त्या दिवशी निर्णय दुःख घेते. शक्य असेल तर अर्धवेळ काम चालू ठेवावे. स्वतःच्या कमाईचे चार पैसे हातात असले की ताठ मानेने अभ्यास होतो. आर्टिकलशिपमध्ये शिकलेले हिशेब, लेखापरीक्षण, करविवरणे यांना बाजारात किंमत आहे, आणि ती कोणत्याही निकालाने पुसली जात नाही. ठरवलेल्या प्रयत्नांनंतर त्याने वाट बदलली, तर त्याला हार म्हणू नये. मुलींच्या बाबतीत ‘आता लग्नाचे बघू, अभ्यास पुरे’ असा निर्णय तिच्या अपरोक्ष घेऊ नये. तिच्या प्रयत्नांची संख्या तिनेच ठरवावी.

आणि बाहेरच्या जगासाठी? ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नकार्यात कोणीतरी विचारणारच, ‘काय झाले नातवाच्या निकालाचे?’ तेव्हा सुस्कारा टाकू नये, स्पष्टीकरणही देऊ नये. ‘अभ्यास चालू आहे, त्याची प्रकृती उत्तम आहे,’ असे म्हणून विषय बदलावा. आपण बाहेर काय सांगतो, ते नातवाच्या कानावर फिरून येतेच. ते ऐकून त्याला घरी यावेसे वाटले पाहिजे.