बँकेचे मूल्यांकन आणि पहिले घर

श्टुटगार्टच्या आसमंतात, मोटारींच्या कारखान्यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा मराठी कुटुंबांत, पहिले घर घेण्याचा योग आला म्हणजे एक प्रसंग पुष्कळदा ओढवतो: विक्रेत्याशी किंमत ठरलेली असते, मुलांची खोली कोणती हेही मनोमन निश्चित झालेले असते, आणि अशा वेळी बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीहून चांगले दहा टक्क्यांनी कमी येते. मग बँकेवर रोष होतो आणि पाठोपाठ पैशांसाठी पुण्याला वडिलांना फोन जातो. माझ्या मते हा रोष अस्थानी आहे, आणि तो फोन तर मुळीच करू नये.

जर्मन बँक तारणाची जी किंमत धरते ती त्या दिवशीची बाजारातील बोली नव्हे. कर्ज थकले आणि घर विकण्याची पाळी आली, तर कर्जाच्या दीर्घ मुदतीत केव्हाही जी रक्कम खात्रीने हाती येईल, तिचा तो अंदाज असतो. तारणमूल्य ठरवण्याच्या २००६ च्या नियमावलीने गहाणरोखे काढणाऱ्या बँकांना अशी सावधगिरी बंधनकारकच केली आहे. ही सावधगिरी निष्कारण नाही. २०२३ साली या देशातील घरांच्या किमती सरासरी ८.४ टक्क्यांनी उतरल्या, आणि त्याआधी चढ्या भावाने खरेदी केलेल्यांच्या हाती मुद्दल तेवढेच व मालमत्ता मात्र हलकी, अशी स्थिती आली.

आता हिशेब पाहू. घराची किंमत ५,००,००० युरो आणि बँकेचा अंदाज ४,५०,००० युरो असल्यास, अंदाजाच्या ९० टक्के कर्ज देणारी बँक ४,०५,००० युरो देईल; म्हणजे किमतीपैकीच ९५,००० युरो पदरचे घालावे लागतील. त्यावर येथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा ५ टक्के खरेदीकर, नोटरी व नोंदणीचे सुमारे २ टक्के आणि दलालाचे बहुधा ३.५७ टक्के, असे आणखी ५३,००० युरो. कर्ज किमतीच्या ९० टक्के मिळेल असे जे धरून चालले होते, त्यांना ऐनवेळी ४५,००० युरो कमी पडतात. वडिलांच्या निवृत्तीची पुंजी मोडून ही तूट भरून काढणे मला सर्वथा अनुचित वाटते, कारण बँकेने ज्या रकमेची जोखीम पत्करण्यास नकार दिला तीच जोखीम त्यायोगे एका वृद्धाच्या माथी येते.

सुदैवाने येथील कायदा विचाराला अवसर देतो. आपल्याकडे इसार देऊन साठेखत केले की पाय अडकतो. जर्मनीत मात्र नोटरीसमोर दस्त होईपर्यंत विक्रेता बांधलेला नसतो आणि खरेदीदारही नसतो. दलालाने घर राखून ठेवण्यासाठी घेतलेली रक्कम आपल्या छापील शर्तींच्या आधारे सरसकट गिळंकृत करणेही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अवैध ठरवले आहे. परंतु नोटरीने तो दस्त पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यावर सही झाली, की सारेच पालटते: त्या दस्तात बहुधा असे कलम असते की पैसे न भरल्यास विक्रेत्याला दावा न लावताही खरेदीदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणता यावी. कर्ज अपुरे पडले ही सबब तेथे चालत नाही.

म्हणून सहीपूर्वीचे दिवस कामी लावावेत. मूल्यांकन कमी का आले हे बँकेला विचारावे. ते पुष्कळदा घर न पाहता केवळ कागदांवरून झालेले असते, आणि क्षेत्रफळ, बांधणीचे साल किंवा ऊर्जेचा दाखला यांत चूक निघाली तर दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्या बँकेचे मत घ्यावे. प्रत्येक खरेदीखताची प्रत ज्यांच्या दफ्तरी जाते त्या स्थानिक मूल्यनिर्धारण समित्या जमिनीचे प्रमाणदर प्रसिद्ध करतात. तो दर पाहावा, आणि दोन्ही बँकांचे मत जुळल्यास निःसंकोचपणे विक्रेत्याकडे जाऊन किंमत उतरवण्याची गोष्ट काढावी. परक्या देशात घासाघीस कशी करावी, हा आपल्या लोकांचा संकोच मी पाहिला आहे. पण लेखी आकड्यावर केलेले बोलणे येथे कोणी अपमानास्पद मानत नाही. विक्रेता बधला नाही, तर ते घर सोडून द्यावे.

एवढे मात्र प्रत्येकाने कटाक्षाने पाळावे: बँकेचे लेखी, बिनशर्त संमतिपत्र हाती पडल्यावाचून नोटरीची तारीख घेऊ नये.