पूल सरकारचा, पण ओढा आपला

शेतकरी बंधूंनो, या पानावर मी नेहमी बोंडअळी, बीजप्रक्रिया नाहीतर माती परीक्षण याविषयी लिहितो. आज विषय पुलाचा आहे. शेतीच्या माणसाला पुलाचे काय पडले, असे कोणी म्हणेल. पण आपला कापूस जिनिंगला जातो, ऊस कारखान्याला जातो, पोरं शाळेला जातात, ती पुलावरूनच. दिवाळीच्या आसपास आपल्या तालुक्यातली शेकडो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार बांधून, लेकरं मांडीवर घेऊन ती किती पूल ओलांडतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आपल्या बीड जिल्ह्यात काय हाल झाले ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत नुकसानीच्या पाहणीसाठी मी वडवणी तालुक्यात फिरत होतो. एका गावाजवळ ओढ्यावर नळकांडी पूल आहे. पूल जागेवर होता, पण एका बाजूचा भराव पुराने कापून नेला होता आणि शेजारच्या रानातले सोयाबीन मातीखाली गेले होते. खाली उतरून बघितले तर तीनपैकी दोन नळ गच्च भरलेले. पऱ्हाट्या, तुराट्या, खताची रिकामी पोती, ठिबकच्या जुन्या नळ्या! पाण्याला नळातून वाट मिळाली नाही, म्हणून त्याने भराव फोडून केली. ज्यांचे सोयाबीन गेले त्या तात्यांना मी विचारले, "उन्हाळ्यात नळ मोकळे का नाही केले?" तात्या म्हणाले, "साहेब, पूल सरकारचा. आपुन कसा हात लावावा?"

तात्यांचे उत्तर काही एकट्याचे नाही. गावोगाव हेच ऐकायला मिळते. म्हणून आज हे लिहितो आहे.

मंडळी, पूल वरून बघून कळत नाही. वर नवे डांबर असते, कठड्याला रंग असतो. बघणाऱ्याला वाटते, पूल ठणठणीत आहे. घात होतो तो खाली. पुराचे पाणी खांबाला अडते, भोवरा होऊन तळाकडे वळते आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेते. तुमच्या बांधाला ओघळ पडते आणि बांध आतून पोकळ होतो, तसेच हे. यातली मेख अशी की, पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरून येतो. हिवाळ्यात बघायला गेलात तर सगळे सपाट दिसते. पण हा गाळ भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात पहिल्या झटक्याला निघून जातो. त्यात जवळून कोणी वाळू उपसली, मुरूम खोदला, तर विचारायलाच नको.

महाडची गोष्ट आठवून बघा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना दगडी कमानीचा पूल पुरात कोसळला. पूल इंग्रजांच्या काळातला, 1928 सालचा. एस.टी.च्या दोन गाड्या आणि एक जीप अंधारात सरळ नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. काहींचे तर देहसुद्धा सापडले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असे ठरले होते, हे तेव्हा सरकारनेच सांगितले. म्हणजे कागद ठीक होता, पूल ठीक नव्हता. त्या रात्री पूल गेल्याचे पहिल्यांदा कळले ते शेजारच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाला. त्याने धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या, नाहीतर आणखी किती गेल्या असत्या कोण जाणे. साहेब लोक वर्षातून एकदा येतात, पण पुलाशेजारी राहणारा माणूस रोज तिथे असतो. खरा राखणदार तोच.

आणखी एक बघा. सावित्रीवरचा नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये सुरू झाला. चाळीस माणसे गेल्यावर नवा पूल सहा महिन्यांत होतो, तर जिवंत पुलाच्या डागडुजीची फाईल वर्षानुवर्षे का फिरते? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पूल जुना असला तरच पडतो, असेही नाही. गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 रोजी तुटला, वीसहून अधिक जीव गेले. तो 1985 चा, म्हणजे उणापुरा चाळीस वर्षांचा. त्याआधी 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघे गेले. तिथे धोक्याचा फलक लावलेला होता. फलक होता, पण पूल उघडा होता! धोक्याचा पूल फलकाने बंद होत नाही, तो अडथळे टाकून बंद करावा लागतो.

आता कोणाकडे जायचे, हा घोळ असतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गावरचा पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्त्यावरचा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा वेगळी. किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य मार्ग, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्ज चुकीच्या टेबलावर जाणार नाही. अर्ज तोंडी नको. लेखी द्या, पोहोच घ्या, सोबत फोटो जोडा. फोन तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

काय बघायचे? मोऱ्या आणि नळ तुंबलेत का. खांबाचा पाया उघडा पडलाय का. भरावाला भेग किंवा घळ आहे का. दगडी पिचिंग सुटलेय का. काँक्रीटचा पापुद्रा निघून गंजलेली सळई दिसते का. कठडा तुटलाय का. दगडी पुलाच्या सांध्यात पिंपळ-वड उगवलाय का. त्याची मुळे पुढे चिरे फोडतात. गाडी गेल्यावर पूल नेहमीपेक्षा जास्त हादरतो का. यातले काहीही दिसले की कळवा. दुरुस्ती मात्र स्वतः करायला जाऊ नका, ते इंजिनिअरचे काम आहे. आपले काम ओढा मोकळा ठेवायचे. पऱ्हाट्या ओढ्यात लोटू नका, त्या बारीक करून खत करा. ओढ्याचे पात्र नांगरून रानात घेऊ नका. पाणी आपली जागा आज ना उद्या परत मागतेच. पुलाजवळ वाळू-मुरूम कोणाला काढू देऊ नका, मग तो भावकीतला का असेना. आणि ऊसवाहतूकदारांनो, पुलावर भारमर्यादेचा फलक असेल तर दोन ट्रॉल्यांचा मोह टाळा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. 1 मेच्या ग्रामसभेत गावच्या सगळ्या पूल-मोऱ्यांची यादी वाचा आणि पाहणीला चार माणसे नेमा. पावसाळा सरला की 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, ऊसतोडीला माणसे निघण्याआधी, पुन्हा एकदा. बांधकाम खात्याकडून पुलाच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आपल्या पोरांच्या वाटेवरचा पूल कसा आहे, हे गावाला कळलेच पाहिजे.

तात्यांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "पूल सरकारचा खरा, पण सोयाबीन कुणाचे गेले?" तात्या काही बोलले नाहीत. सोयाबीन पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येईल. त्याच भरावावर शाळेची रिक्षा असती तर?