बंदुकीची वही कोणाच्या खर्चाने?

१८७८ हे वर्ष साहित्याच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते ते देशी भाषांतील वृत्तपत्रांवरच्या निर्बंधामुळे. शस्त्रांचा कायदाही त्याच वर्षीचा, त्याच लॉर्ड लिटनचा. लेखणीवरील निर्बंध १८८२ मध्ये उठला. शस्त्रांचा कायदा १९६२ पर्यंत टिकला. ती वही प्रजेवरील अविश्वासाची होती. त्यामुळे सरकारने शस्त्रांची नोंद का ठेवावी, तीही करदात्याच्या पैशाने, हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

पालघर जिल्ह्यात तो अधिकच बोचतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्यास वारल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिली आहे. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे, जयपूर-मुंबई गाडीने पालघर सोडल्यानंतर, चौघांचा जीव घेणारी रायफलही सरकारीच होती. नोंदीने यांतली एकही गोळी अडली नाही.

तरीही आम्ही नोंदवहीच्या आणि तिच्यावरील सरकारी खर्चाच्या बाजूचे आहोत. नोंद गोळी अडवीत नाही हे खरे. पण शस्त्र कोणाच्या हाती दिले होते, हे ती लपू देत नाही. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन परवान्यांचा राष्ट्रीय माहितीकोश आला, तोवर हे सारे जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेले होते. बोईसर-तारापूरसारख्या, देशभरातून माणसे येणाऱ्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रखवालदाराने परप्रांतातला परवाना दाखवला, तर तो खरा की बनावट हे पालघरच्या कचेरीने कशावरून ताडावे? २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस सामान्यतः तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. देशाची बेरीज एकत्र नसेल, तर ही मर्यादा कागदावरच राहील.

हा खर्च केवळ परवानाधारकांच्या शुल्कातून भागवावा, असे काही जण म्हणतात. परंतु या वहीचा खरा उपयोग ज्याच्यापाशी बंदूक नाही त्याला आहे. म्हणून तिचा भार सर्वांनी उचलणे न्याय्य ठरते.

मात्र पैसा देणाऱ्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो. कॅनडात १९९५ च्या कायद्याने आलेल्या नोंदणीचा निव्वळ खर्च २० लाख डॉलर सांगितला गेला होता. तो १०० कोटींपलीकडे जाईल, असे तेथील महालेखापरीक्षकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. २०१२ मध्ये लांब नळीच्या बंदुकांची नोंदणीच रद्द झाली. बेहिशेबी खर्चाने चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. नावे गुप्त राहोत. परंतु प्रत्येक जिल्ह्यात किती परवाने दिले, किती रद्द झाले आणि वहीवर किती रुपये खर्ची पडले, हे दरवर्षी मराठीत छापले जावे. १८७८ ची वही राज्यकर्त्यांनी प्रजेविषयी लिहिली होती. आजची वही प्रजेला वाचता आली, तरच ती वेगळी म्हणता येईल.