सिरोंच्याच्या आशाताईला फोन कोणी करायचा?

साथ आली की सरकारला आधी कायदा आठवतो. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. त्यात प्रवाशांना तपासण्याचे, रुग्णांना वेगळं ठेवण्याचे अधिकार होते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यासाठी काही नव्हतं. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, त्याच कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद. सोबत ५० लाखांचा विमा, आशा सेविकांनाही. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण कायद्याला अंगावरचा वार दिसतो आणि विम्याला मृत्यू. जी मार खात नाही, मरतही नाही, फक्त रात्र रात्र जागी राहते, तिची नोंद कुठे होणार?

ती सिरोंच्यात होती. गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरहून दूर, नदीपलीकडे तेलंगणा, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. टाळेबंदीत तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर पायी परतू लागले, तेव्हा दारोदार जाऊन त्यांची नावं लिहायची, कोण खोकतंय ते बघायचं, हे काम आशाताईंकडे आलं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. एका हातात तापमापक, दुसऱ्यात ऑक्सिमीटर. ज्या घरात काल बाळंतिणीचं वजन केलं, तिथेच आज दार लोटून घेतलं जाई, कारण आजार हीच घेऊन येते असा समज. मग लस आली, आणि लसीची भीतीही हिनेच घालवायची. संध्याकाळी घरी परतल्यावर स्वतःच्या लेकरांपासून लांब बसायचं. २०२१ च्या जूनमध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या त्या मानधनासाठी. मनाच्या थकव्याचं कलम मागण्यांत घालायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. गडचिरोली जिल्हाही त्याच वर्षीच्या २६ ऑगस्टला झाला. दोघांचं वय एक, तरी जंगलातल्या उपकेंद्रापर्यंत त्या कार्यक्रमाला पुरतं पोहोचता आलं नाही. करोनात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने देशभरासाठी हेल्पलाइन उघडली, ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थाही फोनवर लोकांना धीर देत राहिल्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आला तो १० ऑक्टोबर २०२२ ला, मोठ्या लाटा ओसरून गेल्यावर.

हे सगळे क्रमांक फोन येण्याची वाट पाहतात. दिवसभर दुसऱ्यांना धीर देणारी बाई रात्री रेंज शोधत उंचवट्यावर जाऊन अनोळखी माणसाला ‘मला रडू येतं’ असं सांगेल, आणि तेही मराठीत, ही अपेक्षाच चुकीची आहे. सिरोंच्यात घरची भाषा तेलुगू असते, कुठे माडिया.

म्हणून फोन तिकडून यायला हवा. पुढच्या साथीची वाट न पाहता जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईला, परिचारिकेला पंधरवड्यातून एकदा आपणहून फोन करावा. बोलणारी तिची भाषा जाणणारी असावी, आणि तिने अहवालाबद्दल एक शब्दही विचारू नये. रेंज नसलेल्या गावांतल्या सेविकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीच्या दिवशी बंद दाराची एक खोली आणि चालू फोन एवढं पुरेल. हा बोलण्याचा वेळ कामाचा धरावा आणि त्याचं मानधन तिच्या खात्यात पडावं.