गुपित लपवा हो, अटी कशाला लपवता?

पत्त्यांच्या जादूच्या दुकानात माल काय आहे ते विकत घेतल्यावरच कळतं. आणि कळल्यावर बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत, कारण "आता गुपित कळलं ना तुम्हाला!" वा!

गुपित आधी सांगितलं तर त्यांचा धंदाच बसेल, हे मान्य. पण त्याच चादरीखाली ही मंडळी अटीसुद्धा सरकवतात, आणि माझं भांडण आहे ते तिथे. आपण सॉफ्टवेअरवाले सोर्स कोड देत नाही, पण रॅम किती लागेल ते सांगतो की नाही?

'इन्व्हिजिबल डेक' घ्या. जो बर्ग नावाच्या अमेरिकन जादूगाराने १९३६ साली आणलेल्या 'अल्ट्रा मेंटल डेक'चाच हा अवतार. तुम्ही कुठलाही पत्ता बोला, समजा बदाम सत्ती. जादूगार कॅट पसरतो, सगळे पत्ते सुलटे, एकच पालथा. तो उघडला की बदाम सत्ती! आता तपासा. कुठलाही पत्ता? हो, ५२ पैकी खरंच कुठलाही. हातचलाखी? जवळजवळ नाहीच. म्हणजे जाहिरात पास. फक्त एक ओळ बऱ्याचदा गाळलेली असते: नंतर हा कॅट कुणाच्या हातात देता येत नाही. आणि आपल्याकडे समोरचा पहिलं काय करतो? "बघू बघू" म्हणत कॅट ओढतो. (भाचेमंडळी असतील तर विचारूच नका.) बघा, गुपित न फोडता अट सांगता आली ना?

१९७०च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर मार्शल ब्रोडियन 'टीव्ही मॅजिक कार्ड्स' विकायचा, म्हणजे स्वेंगाली कॅट. पोरासोरांचा माल. पण पडद्यावर जे दिसायचं ते थोड्या सरावाने घरी जमायचं. आजच्या चकचकीत ट्रेलरपेक्षा तो माणूस परवडला.

खरी मजा 'एनी कार्ड ॲट एनी नंबर'मध्ये. एकाने पत्ता सांगायचा, दुसऱ्याने १ ते ५२ मधला आकडा, आणि मोजत गेलं की बरोब्बर त्या जागी तोच पत्ता. ब्रिटिश जादूगार डेव्हिड बर्गलास (१९२६-२०२३) यांनी ही जादू इतकी गाजवली की तिला 'बर्गलास इफेक्ट' म्हणतात. तेव्हापासून विक्रेते "अगदी तस्साच" प्रकार विकताहेत. पेटी उघडली की कळतं, 'कुठलाही आकडा' म्हणजे जरा मधला बरा. 'जादूगार हात लावत नाही' म्हणजे मोजताना लावत नाही, त्याआधीचं विचारू नये. एखाद्यात तर महिनाभराचं पाठांतर. आणि व्हिडिओत नेमक्या क्षणी कॅमेरा वळतो कुठे, तर किंचाळणाऱ्या बाईकडे!

यावर ठरलेलं उत्तर असतं, की प्रेक्षकाला जे घडल्यासारखं वाटतं तेच आम्ही लिहितो. अहो, पण जाहिरात वाचणारा प्रेक्षक नसतो. तो चार लोकांसमोर उभा राहणार असतो. "मधला आकडा सांगा हं" हे त्यालाच म्हणायचं असतं, आणि समोरच्याने मुद्दाम "दोन" म्हटलं की घामही त्यालाच फुटतो. त्याला चार गोष्टी आधी सांगा: पत्ते समोरच्याला पिसता येतात का, नंतर तपासायला देता येतात का, टेबल लागतं का, पुन्हा मांडायला किती वेळ जातो. आणि एक न कापलेला व्हिडिओ. एवढ्याने कुठलं गुपित फुटतं, ते एखाद्या विक्रेत्याने मला सांगावंच.