गाडी आली, पण कोणती?

आपल्यासारख्या कला महाविद्यालयांत दरवर्षी काही अंध विद्यार्थी प्रवेश घेतात. परीक्षेला त्यांना लेखनिक मिळतो, ब्रेल पुस्तकांविषयी व ध्वनिमुद्रित पाठांविषयी अधूनमधून चर्चाही होते. पण हे विद्यार्थी सकाळच्या तासाला वेळेवर पोचतात कसे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. एस. टी.च्या भाड्यात अंध प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. समोर येऊन उभी राहिलेली गाडी कोणती, हेच कळले नाही तर त्या सवलतीचे करायचे काय?

एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एस. टी. स्थानकावरची माहिती पूर्वी बरीचशी बोलकी होती. नियंत्रक ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारीत. आवाज घोगरा असे, निम्मे शब्द खरखरीत बुडून जात, तरी गावाचे नाव आणि फलाटाचा क्रमांक तेवढा कानी पडे आणि काम भागे. आजही अनेक स्थानकांवर हे चालते. पण माहितीचा मुख्य ओघ आता मोबाइलकडे वळला आहे, आणि सर्वांची सोय झाली असे आपण समजून चाललो आहोत. जी माहिती ऐकू येत होती ती आता केवळ पाहण्याची झाली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

कोणी म्हणेल, अंध माणसे तर हल्ली मोबाइल सर्रास वापरतात. वापरतात, हे खरे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असते. संगणकासाठी ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या अंध तरुणाने २००६ मध्ये 'एन. व्ही. डी. ए.' तयार करावयास घेतली, ती आजही जगभर विनामूल्य मिळते. म्हणजे वाचणारा तयार आहे. अडचण आहे ती त्याच्यापुढे आपण काय ठेवतो ह्याची.

फलकावरचे वेळापत्रक कोणीतरी मोबाइलने टिपतो आणि ते छायाचित्र सगळीकडे फिरते. डोळसाला ते पुरते. स्क्रीन रीडर मात्र 'चित्र' एवढा एकच शब्द उच्चारून गप्प बसतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने निघाली आहेत, पण तिरक्या टिपलेल्या मराठी तक्त्यातील कोणती वेळ कोणत्या गावची, ह्याची खात्री ती देऊ शकत नाहीत. आणि शेवटच्या गाडीच्या बाबतीत अंदाज काय कामाचा?

त्याहून मजेशीर, किंवा खरे तर संतापजनक, प्रकार जुन्या मराठी फाँटांचा. हे फाँट पडद्यावर देवनागरी दाखवितात, पण आत साठवितात ती इंग्रजी अक्षरे. कृतिदेव फाँटात 'सातारा' टंकलिखित केले, तर संगणकाच्या पोटात 'एल्, के, आर्, के, जे, के' अशी सहा अक्षरे जातात. डोळसाला सातारा दिसतो, अंधाला ती सहा अक्षरे ऐकू येतात! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. इतक्या वर्षांनंतरही मराठी पत्रके जुन्या फाँटांत निघावीत, ह्याला खर्चाची सबब चालणार नाही. टंकलेखकाचे श्रम तेवढेच, कागदही तोच. केवळ सवय सुटत नाही.

ॲपमध्ये गाडी नकाशावर ठिपक्याच्या रूपाने सरकत असते. तो ठिपका ऐकता येत नाही. त्याच पडद्यावर 'गाडी तीन थांबे मागे आहे' अशी एक ओळ घातली की काम झाले. बटणांना नावे दिलेली नसतात, त्यामुळे 'बटन, बटन, बटन' असा जप ऐकावा लागतो, तो वेगळाच.

ह्यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, 'विचारले की कोणीही सांगते.' आपल्याकडची माणसे सांगतात, हे मीही मानतो. पण रात्री नऊ वाजता रिकाम्या थांब्यावर कोणाला विचारायचे? आणि एकट्या अंध मुलीने आपण कोणत्या गावी चाललो आहोत हे दरवेळी अनोळखी माणसाला का सांगावे? डोळस मुलगी पाटी वाचते आणि गप्प राहते. हा गप्प राहण्याचा अधिकार लहान नव्हे.

मनात आणले तर करता येते, ह्याचे उदाहरण मुंबईच्या लोकलमध्ये आहे. पुढील स्टेशनचे नाव तीन भाषांतून ऐकू येते, आणि गर्दीत खिडकी न दिसणारे हजारो डोळस त्याच्याच भरवशावर उतरतात. दिल्लीच्या आय. आय. टी.ने तर अंध प्रवाशाने हातातील यंत्राची कळ दाबताच जवळच्या बसने आपला क्रमांक बोलून सांगावा, अशी युक्तीही तयार केली आहे.

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्यात वाहतूक आणि माहिती ह्या दोन्ही गोष्टी सुगम असाव्यात असे म्हटले आहे. राजीव रातुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला, की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणे कायद्याला धरून नाही. बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत. एका साध्या मागणीला एकोणीस वर्षे! मधल्या काळात 'अपंग'चे 'दिव्यांग' मात्र झाले. नाव बदलावयास आपण फार चपळ आहोत. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्ती नोंदल्या गेल्या, तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न आहे असेही म्हणता येणार नाही.

दिल्लीचे दिल्लीत होईल. आपल्या स्थानकावरचा फलक उतरवून घ्यावयास राष्ट्रीय सेवा योजनेच्या दहा मुलांना दोन दुपारी पुरतील. तो युनिकोडमध्ये साध्या ओळींत टंकलिखित करावा: आधी गाव, मग वेळ, मग फलाट. तक्ता नको, सजावट नको. ती यादी आपल्या अंध मित्रांनी फोनवर ऐकून तपासावी. वेळा बदलत राहतील, आणि दरवेळी आपण पुरे पडणार नाही. हे काम मुळात आगाराचेच आहे. म्हणून यादीबरोबर आगार व्यवस्थापकांना एक पत्रही द्यावे, की यापुढील वेळापत्रक चित्राऐवजी मजकुराच्या स्वरूपात काढावे. त्या पत्राचा मसुदा अंध विद्यार्थ्यांनीच करावा. कोणती गाडी कशामुळे चुकते हे त्यांना ठाऊक आहे. ह्या खेपेस लेखनिक म्हणून बसावयास आपण आहोतच.