भंगाराच्या चुऱ्यास मिळालेली माफी

मा. संचालक,
विषारी द्रव्य नियंत्रण खाते, सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया यांस,

मोटारी आणि घरगुती यंत्रे भरडणाऱ्या कारखान्यांतून उरणाऱ्या चुऱ्याची विल्हेवाट कशी लावावी, हा प्रश्न आपल्या दप्तरी तीन दशकांहून अधिक काळ पडून आहे. आणि तो ज्या रीतीने पडून राहू दिला गेला ती रीत या राज्यात राहणाऱ्या मराठी करदात्यांनाही कळावी, म्हणून हे पत्र मराठीत व जाहीरपणे लिहीत आहे.

चुंबकाने लोखंड ओढून घेतले, तांबे व अ‍ॅल्युमिनियम वेचून काढले, की मागे उरतात आसनांतल्या फोमचे तुकडे, रबर, काचेचा भुगा, तारांवरची सोललेली आवरणे, तेलाने माखलेली माती, आणि या सर्वांत भिनलेले शिसे, कॅडमियम, जस्त व पीसीबी. आपल्याच नियमांनुसार असा पदार्थ सायट्रेटच्या आम्लधर्मी द्रावणात ४८ तास घोळवून पाहावयाचा असतो, आणि त्या द्रावणात लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे, १ मिलिग्रॅम कॅडमियम किंवा २५० मिलिग्रॅम जस्त उतरले की तो घातक ठरतो. एका किलोत १,००० मिलिग्रॅम शिसे किंवा ५,००० मिलिग्रॅम जस्त सापडले तरी घातकच ठरतो. जस्ताला तर वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, कसोटीत मर्यादाच नाही. ती या राज्याने आपल्या रहिवाशांच्या रक्षणासाठी स्वतः घातली. असे असता, हा चुरा या मर्यादा ओलांडतो हे ठाऊक असूनही, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यांना एकामागून एक पत्रे देण्यात आली, की त्यावर सिलिकेट व सिमेंटची प्रक्रिया केल्यास तो घातक मानला जाणार नाही. नियमांनी घातलेल्या मर्यादा पत्रव्यवहाराने शिथिल करण्याचा हा अधिकार ज्या कलमातून काढला गेला, त्याच्या अक्षरावरून ही पत्रे ‘एफ लेटर’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

आणि मग तो चुरा गेला कोठे? सामान्य क्षेपणभूमीत. तेथेही तो नुसता पुरला गेला नाही, तर दिवसाअखेर घरगुती कचऱ्यावर जो सहा इंच मातीचा थर द्यावयाचा असतो, त्या मातीच्या ऐवजी पसरला गेला. सिमेंटने शिसे बांधले जाते, क्षेपणभूमीच्या तळाशी अस्तर असते, असा युक्तिवाद केला जातो. पण सायट्रेटची कसोटी निवडण्याचे कारणच हे, की कुजणाऱ्या घरगुती कचऱ्यातून निघणारी आम्ले धातू सोडवून घेतात. जेथे ती आम्ले तयार होतात तेथेच हा चुरा दररोज अंथरावयाचा, आणि वर त्याला निरुपद्रवी म्हणावयाचे, ही विसंगती कोणाच्याच लक्षात आली नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

भंगार भरडणे थांबवावे असे मी म्हणत नाही. ते लोखंड पुन्हा वितळलेच पाहिजे. परंतु २०१३च्या नोव्हेंबर व डिसेंबरात रेडवुड सिटीच्या बंदरावर भंगाराचे ढीग दोनदा पेटले, आणि पुढच्याच वर्षी सिनेटर जेरी हिल यांचे १२४९ क्रमांकाचे विधेयक मंजूर होऊन या चुऱ्याचे मूल्यमापन करून नियम करण्यासाठी आपणांस १ जानेवारी २०१८ची मुदत घालून देण्यात आली. त्या तारखेस नियम तयार नव्हते. मूल्यमापनाचा अंतिम अहवालच निघाला ऑगस्ट २०२१मध्ये. कायद्याने दिलेल्या मुदतीचा हा भंग आहे, आणि एखाद्या कारखानदाराने तो केला असता तर आपण त्याला दंड केला असता.

तेव्हा मागणी अशी आहे: अशा पत्रांची सवलत यापुढे कोणासही मिळणार नाही असा स्पष्ट नियम करावा, दैनिक आच्छादन म्हणून या चुऱ्याचा वापर तत्काळ बंद करून तो घरगुती कचऱ्यापासून अलग, दुहेरी अस्तराच्या कप्प्यात ठेवावा, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खेपेची तपासणी होऊन तिचे आकडे लोकांना पाहावयास मिळावेत. या तिन्ही गोष्टींचे उत्तर तारखांसह द्यावे. ‘बाब विचाराधीन आहे’ एवढ्यावर आमचे समाधान होणार नाही.

आपला,
बे एरियातील एक रहिवासी